भिंगरीचा खुराक

३ मार्च, सोमवार

दादाने आज मुदत दिली. महिनाअखेर! एकतीस तारखेला भिंगरीने पाठीवर खोगीर घेऊन पाऊण तासाचा घोडेस्वारीचा वर्ग पुरा करून दाखवायचा, नाहीतर तिची जागा रिकामी करायची. पागेत जागा नऊ घोड्यांची, आणि नवा घोडा ठरलाय. म्हातारी जनावरं नेणाऱ्या व्यापाऱ्याचा नंबर त्याने माझ्यासमोर भिंतीवर खडूने लिहिला. वर म्हणतो, ‘ही पागा आहे, वृद्धाश्रम नाही.’

मी म्हटलं, घोडी माझ्या नावावर आहे. आप्पांनी पागा तुला दिली, घोडी मला.

‘मग ठेव तुझ्या खोलीत.’

याला द्यायचं उत्तर मला जिना चढताना सुचलं. नेहमीसारखं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी फीत लावली. छातीचा घेर एकशे अठ्ठावन्न. तापाआधी एकशे सहासष्ट होता. बरगड्या हात न लावता मोजता येतात. कुंपणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालते आणि मध्येच उभी राहते — आपण कशासाठी निघालो होतो ते आठवत नसल्यासारखी. आणि नाव भिंगरी!

सल्ल्यांना तोटा नाही. नालबंद म्हणतो जवस शिजवून घाला. वहिनी म्हणते तेल. शिकायला येणाऱ्या एका मुलीची आई म्हणाली, बारीकच छान दिसते की. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता खाऊ घाला — हेही गाडीत बसता बसता. सगळे उंटावरून शेळ्या हाकतात. इथे निदान घोड्यावरून तरी हाका.

मामांना विचारलं. मामा आमचे मोतद्दार, आप्पांच्या वेळचे. एकवीस वर्षं पागेतली लीद काढतायत, घोड्यांना खरारा करतायत. ते म्हणाले, जव आहेत तेच चालू द्या, गवत वाढवा, घाई करू नका.

घाई करू नका! सत्तावीस दिवस उरलेत.

६ मार्च, गुरुवार

खुराकाच्या दुकानात दीड तास. दुकानदाराने आधी कोंडा दाखवला, मग पेंडेच्या गोळ्या, मग हरभऱ्याचा भरडा. प्रत्येक पोत्यापुढे माझा चेहरा वाचायचा आणि पुढच्या पोत्याकडे न्यायचा. शेवटी आतल्या खोलीतून एक पोतं काढलं. वर उडी मारणारा काळा घोडा. आत फुगवलेला मका, फुगवलेले जव, वरून मळीचा हात. लाह्यांसारखे टपोरे दाणे. वास असा, की मीच मूठभर खाल्ले असते.

‘तीन आठवड्यांत ओळखणार नाही तुम्ही घोडीला.’

पी हळद नि हो गोरी, मला कळतं. तरी घेतलं. म्हाताऱ्या घोडीला चावायला सोपं, पचायला सोपं, अंगात जोर लवकर येणार — मुद्दे तर बरोबरच होते. घरी येऊन पुन्हा पुन्हा तपासले. बरोबरच आहेत.

पोतं खुराकाच्या पेटीशेजारी भिंतीशी उभं केलं. घोड्याचं चित्र बाहेरच्या बाजूला.

७ मार्च, शुक्रवार

जव बंद. नवा खुराक सुरू. आप्पांचा नियम तोच: सकाळी दोन डबे, संध्याकाळी दोन. मापाचा डबा अजून आप्पांचाच आहे, पेटीला साखळीने बांधलेला, कोणी पळवू नये म्हणून.

चाटूनपुसून खाल्लं! गव्हाणीचं लाकूडसुद्धा चाटलं. दादाला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, ‘खाते तर मीही.’

११ मार्च, मंगळवार

मामा म्हणाले, ‘ताई, हा डबा हातात हलका लागतो.’

मी म्हटलं, हात म्हातारे झाले असते तर जड लागायला हवा होता. नालबंद हसला. मामा हसले नाहीत, खुराक घेऊन गेले. मला माझं उत्तर आवडलं. एकदा तरी जिन्यावर नाही, जागेवर सुचलं.

१४ मार्च, शुक्रवार

एकशे छप्पन्न. दोन सेंटिमीटर कमी! फीत तीनदा लावली. फीत चुकते म्हणून दुसऱ्या घोड्याला लावली. फीत चुकत नाही.

१५ मार्च, शनिवार

दुकानदाराला फोन. म्हणाला, अंगी लागायला वेळ लागतो. परवा तीन आठवडे म्हणाला होता, आज दोन महिने म्हणतो.

दुपारी पोतं पाहिलं. तळ दिसायला लागलाय. जवाचं पोतंही साधारण इतक्याच दिवसांत संपायचं. म्हणजे खुराक पोत्यातून जातोय आणि घोडीच्या अंगावर येत नाहीये. मग जातोय कुठे?

दादा खोगीर पुसत होता. मान वर न करता म्हणाला, ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मामांची पिशवी हल्ली बरीच फुगलेली असते.’ तो चेष्टा करत होता की काय, ते त्याचं त्यालाच माहीत. माझ्या डोक्यात मात्र ते दिवसभर खिळ्यासारखं बसून राहिलं.

खरंच, मामा सकाळी भिंगरीपाशीच का रेंगाळतात? बाकीच्या आठ घोड्यांपाशी नाही.

१७ मार्च, सोमवार

पकडलं.

पिशवी खोगीरखोलीतल्या खुंटीला होती. उघडली. जेवणाचा डबा, पंचा आणि ओल्या फडक्यात बांधलेले दोन ओंजळी जव. इतर घोड्यांचे जव पेटीत आहेतच, हात घातला की झालं. मी फडकं घेऊन अंगणात गेले. नालबंद होता, दोन पालक होते, दादा होता. मी मुद्दाम थांबले नाही, सगळ्यांदेखत विचारलं.

मामा म्हणाले, ‘घरचे आहेत, ताई.’

‘घरी कोण जव खातं?’

मला वाटलं होतं ओरडतील, शपथा घेतील, आप्पांचं नाव काढतील. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. आत जाऊन पिशवी घेतली आणि निघून गेले. फडकं माझ्याच हातात राहिलं.

एकवीस वर्षं! याच माणसावर आप्पांनी पेटीची किल्ली सोडली होती.



१८ मार्च, मंगळवार

लीद मी काढली. खरारा मी केला. नऊ घोडे. कंबर गेली. आता सगळा खुराक माझ्या हातून जातो, एक दाणाही इकडे तिकडे नाही. बघू आता कशी भरत नाही!

२१ मार्च, शुक्रवार

एकशे त्रेपन्न.

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरांना बोलावलं. दात पाहिले, लीद पाहिली, छातीला नळी लावली. आजार नाही. म्हणाले, खुराक किती देता?

चार डबे, मी म्हटलं.

‘मी डबे नाही विचारले. किलो सांगा.’

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं आम्ही डब्याने देतो, आप्पा डब्याने द्यायचे, कुठल्या घोड्याला काही झालं नाही. ते म्हणाले, वजन करा आणि फोन करा. आणि गेले.

वहिनीच्या स्वयंपाकघरातला काटा आणला. ती म्हणाली, घोडी मावेल का यावर? पीठ मळता मळता हसत होती.

एक डबा जव: एक किलो.

एक डबा नवा खुराक: तीनशे ऐंशी ग्रॅम.

डबा रिकामा केला, पुन्हा भरला. तीनशे ऐंशी. फुगवलेले दाणे! डब्यात अर्धी हवा. दिवसाचे चार किलो खाणारी घोडी मी दीड किलोवर आणली, आणि तीही तापातून उठलेली. पंधरा दिवस! पोतं फिरवलं. मागच्या बाजूला सगळा तक्ता छापलेला — कुठल्या वजनाच्या घोड्याला किती किलो. घोड्याचं चित्र दिसावं म्हणून तो तक्ता मीच भिंतीकडे केला होता.

काटा परत न्यायला आलेली वहिनी हसायची थांबली. काटा न मागता आत गेली.

२३ मार्च, रविवार

डॉक्टरांना फोन केला. आजपासून दहा डबे घालते म्हटलं. ते जवळजवळ ओरडले. एकदम वाढवलं तर पोट फुगून मरेल, रोज मूठ मूठ वाढवा, पुरतं माप यायला दहा-बारा दिवस आणि अंगावर दिसायला त्यापुढे महिना. एकतीस तारीख सांगितली. ते म्हणाले, तारीख घोडीला सांगून पाहा.

दुकानदारावर चिडून पाहिलं. डॉक्टरांवर चिडून पाहिलं — तीन आठवड्यांपूर्वी किलो विचारले असते तर! आप्पांवरसुद्धा. डबा त्यांचाच. कशानेच बरं वाटेना.

‘हलका लागतो’ मामा म्हणाले होते. त्यांनी तर हातानेच वजन केलं होतं.

२४ मार्च, सोमवार

फडकं अजून खुंटीवर आहे. वाळून कडक झालंय. आज ते झटकताना कळलं. आमच्या पेटीतले जव कोरडे असतात. ओले जव कोण चोरतं?

२६ मार्च, बुधवार

मामांच्या मुलीकडे गेले. लाकडाच्या वखारीमागे दोन खोल्या. मामा पायरीवर बसून एक तुटका पट्टा शिवत होते. मुलीने पाणी आणलं, पण पेला हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला.

मी सगळं सांगितलं. काटा, ग्रॅम, तक्ता. चुकलं म्हटलं. दोनदा म्हटलं. मामा दोरा ओढत राहिले. बोलली ती मुलगी. म्हणाली, रात्री भिजत घालायचे, सकाळी भिंगरीला दोन ओंजळी न्यायचे. आमच्या कोंबड्यांच्या वाट्याचे. ‘घोडी वाळतेय, ताईंना सांगून झालं, म्हणायचे.’

मी म्हटलं, मामा, परत चला. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते.

‘मी नाही येणार.’ मग पट्ट्याचा दोरा दातांनी तोडून, ‘एकतिसाला व्यापारी येतोय ना?’

हो म्हटलं.

‘घोडी मला द्या. इथे वखारीची मागची पडवी मोकळी आहे.’

मी उठून आले. पाणी तसंच राहिलं.

२७ मार्च, गुरुवार

घोडी द्या म्हणे! जशी काही करवंदं मागावी. तिच्या जन्माच्या रात्री मी तिथे होते. तिला पहिलं खोगीर मी घातलं. चूक झाली माझी, झाली, कबूल, पण चुकीची एवढी शिक्षा कोणी ठरवली? आणि तिला पडवीत ठेवणार, कोंबड्यांत!

दुपारी भिंगरीपाशी गेले. मला पाहून मान वर केली नाही. डबा वाजला तेव्हा केली.

२९ मार्च, शनिवार

न राहवून खोगीर चढवलं. स्वार नाही, नुसतं खोगीर. दोन फेऱ्या चालली. तिसरीला थांबली, मागचे पाय कापत होते. दादा कुंपणाशी उभा होता. मला वाटलं, आता बोलेल, आणि मी त्याला सोडणार नाही, महिनाभराचं सगळं काढीन.

तो आत आला. पट्टा सैल केला, खोगीर स्वतः उतरवलं, घाम पुसला तिचा. म्हणाला, ‘व्यापाऱ्याला मी सांगतो, सांभाळून ने म्हणून.’

तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार

व्यापारी एकदा घेऊन गेला की पुढे काय करतो, हे दादाला विचारलं. दादाने विषय बदलला.

३१ मार्च, सोमवार

दिली. सकाळी सात वाजता, व्यापारी यायच्या आत. मालकीच्या दाखल्यावर आता मामांचं नाव आहे. तक्ता, मापं, रोज किती वाढवायचं — सगळं कागदावर लिहून फाटकाशी उभी होते. मामांनी दोरी घेतली. खुराकाबद्दल मला एक शब्दही विचारला नाही.