कमी गुण म्हणजे सोपं ऑपरेशन

सोमवार, १० नोव्हें.
पित्ताच्या पिशवीत खडे. काढावीच लागंल. डॉ. बाई माझ्या पोरीच्या वयाची. दुर्बिणीतून सोपं जाईल का अवघड, ते आधीच गुण मांडून बघती. वजन, पिशवीची जाडी, आधी किती वेळा ॲडमिट. कमी गुण म्हणजे सोपं. म्हणलं, मग पहिला नंबर माझा. चौथीपर्यंत कमी गुणांत माझा हात कुणी धरला नाय. हसली. अवघड असलं तर पोट चिरावं लागतं म्हणली, आठ दिवस सोबत माणूस पायजे.
"मावशी, आधी ॲडमिट होता का?"
"नाय. पहिल्यांदाच दुखलं."
खोटं बोलले. माणूस आणू कुठून.

मंगळ. ११
गिऱ्हाइकांना जेवणाचे पंधरा डबे दिले. पोरीला पुण्याला फोन. "आई, कामात हाय, करते." केला नाय.

बुध. १२
भाकरी चिरल्या सगळ्या. पीठ शिळं. गिरणीवाल्याला झाडलं, ताजं म्हणून देतो व्हय रे?
"काकू, खरं सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"
आरं, घेतलं असतं! उकळतं पाणी घालून मळलं असतं. आधी कळायला तर पायजे.
घरी येईस्तोवर ह्येच डोक्यात. जेवण गेलं नाय.

गुरु. १३
डॉ. बाईकडं गेले. खरं सांगितलं. करमाडला दोनदा ॲडमिट होते. रागावली नाय, ते जास्त लागलं. "मला वाटलंच. पहिल्या दुखण्यात पिशवी एवढी जाड होत नाही." खोडून परत गुण मांडले. अवघड. आता मोठे सर थांबणार, वेळ जास्त ठेवणार. करमाडचे कागद आणा म्हणली. आणि सही करायला माणूस.
कागद कमलकडं. धाकटी जाऊ, करमाडलाच असती. दोन्ही टायमाला उशाशी तीच बसली. घरी आल्यावर बिनतेलाचं वरण पुढं केलं, मी म्हणलं, तुझी गरज नाय मला, जा तुझ्या घरी. गेली. उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हापासून

शुक्र. १४
फोन घेतला. ठेवला. घेतला.
"कमल, ते दवाखान्याचे कागद..."
"हायेत."
"रिक्षावाल्याजवळ दे."
"जमायचं नाय." ठेवला तिनं.

सोम. १७
ॲडमिट. खाटेशेजारचं स्टूल रिकामं. समोरच्या बाईजवळ चार माणसं, लई कालवा.
चारला कमल दारात. कागद छातीशी धरलेले. माझ्याकडं बघितलं नाय, सरळ डॉ. बाईला म्हणली, "दोनदा नाय, तीनदा. जालन्याला लग्नात दुखलं तवाबी सलाईन लावलं हुतं. अक्का इसरली असंल."
खरंच इसरले होते. अजून एक गुण वाढला. माझं पोट माझ्यापेक्षा तिलाच पाठ.
सही तिनंच केली. रात्री स्टुलावरच होती.

मंगळ. १८, सकाळ
ऑपरेशनला दुसरा नंबर. चार भोकं का लांब चीर, ते आत गेल्यावरच ठरंल, सर म्हणले. गुण मांडून बी इतकंच कळतं.
कमल चप्पल घालून, पदर खोचून बसलीय. करमाडची गाडी साडेदहाला. थांब म्हणायचं होतं.
"चप्पल काढून नीट बस की," एवढंच निघालं तोंडातून.
एक काढली तिनं. दुसरी पायातच.
नर्स आली न्यायला. वही कमलकडंच देते