भिंतीकडे तोंड केलेला कप्तान

जाकमेल, १४ ऑक्टोबर १९६४

मिर्लांद पोरी,

देव तुला सुखी ठेवो. मी धडधाकट आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, माझ्यासारखेच तोंडाळ. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. हे पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं नाही, टपालात टाकण्यासारखंही नाही; किंग्स्टनला निघालेल्या एका खलाशाच्या हाती देते.

माझा भाऊ तेर्तुल्यें गेल्याचं तुला कळलंच आहे. एक्क्याऐंशीचा होता, शेवटपर्यंत रम मागत होता. रडण्यासारखं त्यात काही नाही.

किंग्स्टनला तुझं नाव झालंय म्हणे, मोठमोठे लोक चित्र काढून घ्यायला तुझ्यापुढे तासन्‌तास बसतात. सात वर्षांची होतीस तेव्हा बेकरीच्या दारावर कोळशाने पाद्रीबाबांचं तोंड काढलंस. हुबेहूब होतं, म्हणून जास्तच बडवलं तुला. पुढे कॉफीवाल्या शेठांच्या बायका यायला लागल्या. एकेकीला चित्रात गोरं करून हवं असायचं. तू करायची नाहीस आणि दोघी उपाशी निजायचो.

बराकीतल्या कप्तान दोर्सेन्विलचंही तसंच. गालावरचा व्रण दिसला म्हणून त्याने चित्र परत पाठवलं. दुसरं, बिनव्रणाचं काढून दिलंस आणि त्याच आठवड्यात बोट धरलीस. शहाणी. ते पहिलं मी दर्शनी भिंतीवर लावलं. भक्तीने नव्हे. झडतीला आलेले शिपाई ते बघून टोपी काढायचे आणि माघारी फिरायचे. पाच वर्षं त्या चित्राने घर राखलं.

भाऊ गेला तेव्हा रीतीप्रमाणे आरसे झाकले, भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी उलट्या केल्या. जाणाऱ्याची नजर पडेल त्याला तो सोबत नेतो, एवढं तर तान्ह्या पोरालाही ठाऊक. मारियामाय फिरवली, तुझा आजा फिरवला, त्या झपाट्यात कप्तानही फिरला. हात सवयीने चालले.

हवालदार समाचाराला आला. कॉफी पिता पिता भिंतीकडे बघून म्हणाला, “आजीबाई, आमचे कप्तानसाहेब कधी वारले?”

मी लगेच चित्र सुलट केलं, भाऊ अजून समोरच निजवलेला होता. पण त्याच संध्याकाळी कप्तानाला ताप भरला, तो अजून उतरलेला नाही. चित्रात जीव बांधून आम्ही त्याला मेलेल्याच्या हवाली केलं, असं आता बराकीत बोलतात.

सोमवारी मला बोलावलं. मारलं नाही. खुर्चीवर बसवलं आणि चौघं भोवती उभे राहिले. शेजारच्या खोलीत कोणी कण्हत होतं, कोण ते कळलं नाही. मी झग्यातच मुतले. शेजारच्या एक्झिलियालासुद्धा हे सांगितलेलं नाही.

“हे कोणी शिकवलं?” हवालदाराने विचारलं.

मी म्हटलं, “जिने चित्र काढलं तिने.”

पोरी, मीच म्हटलं. तू समुद्रापलीकडे, तुझं कोण काय वाकडं करणार, असं वाटलं. घरी आले तर तुझी तार आलेली, मृतांच्या दिवशी मामाआजोबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येते म्हणून. तारवाल्याने ती आधी बराकीत वाचून दाखवली होती.

येऊ नकोस. धक्क्यावर त्यांची माणसं बसली आहेत. काल कोऱ्या कागदावर माझी सही घेऊन गेले. माझ्या नावाने निरोप येईल, आजी अंथरुणाला खिळली आहे, ये. आजी मेली असाही येईल. तो खराही असेल. तरी बोटीत पाय टाकू नकोस. माझ्या मातीला एक्झिलिया पुरे.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायला येशील.

जिच्या तोंडून तुझं नाव गेलं ती तुझी आजी,
सेदोनी