बॉयलरशेजारची तसबीर

५ मार्च, बुधवार
माझ्याच पक्षातले फुटले! सोमवारी मला राज्याच्या सिनेटच्या अध्यक्षपदावरून काढायचा ठराव येतोय. वेंडल – माझा उपनेता – सगळा हिशेब करून आला. मी मत टाकलं तर बरोबरी, आणि बरोबरीत खुर्ची वाचते. नाही टाकलं तर एका मताने गेले.

मी गेले की आमच्या काउंटीतलं एकुलतं एक इस्पितळही जाणार. ते बंद करायचं विधेयक मीच दाबून ठेवलंय.

आणि मी होक्स्ट्राला शब्द देऊन बसलेय.

६ मार्च
होक्स्ट्रा विरोधी पक्षाचा. जन्मभर माझ्याविरुद्ध मत दिलं म्हाताऱ्याने. इस्पितळात हलवताना माझा हात धरून म्हणाला, "व्हर्ना, जोडी करतेस माझ्याशी?" म्हणजे तो आजारी असेपर्यंत मीही मत टाकायचं नाही, दोघांची मतं फिट्टंफाट. कागद नाही, सही नाही. तो परत आला किंवा वारला, तरच मी मोकळी. आमच्या सभागृहात हे असंच चालत आलंय. मी लगेच हो म्हणाले. तेव्हा काय माहीत होतं!

७ मार्च
कार्ल म्हणतो, टाक मत, इस्पितळ वाचव, पुढचं पुढे. नवरा आहे, त्याला माझी काळजी. इतरही तेच म्हणतात.

एकटा वेंडल नाही म्हणतो. मला तळघरात घेऊन गेला. सगळ्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी वरच्या दालनात, एकट्या स्ट्राउबची खाली, बॉयलरच्या खोलीशेजारी. त्याने जोडी मोडली होती. काचेवर काजळी. त्याचं नाव अजून कुणी धड घेत नाही.

"तुला इथे टांगून घ्यायचंय?" वेंडल म्हणाला.



८ मार्च
घास उतरत नाही.

९ मार्च, रविवार
होक्स्ट्राच्या मुलीला, बेथनीला, फोन केला. तो यंत्रावर आहे, कुणाला ओळखत नाही. मला मोकळं कर असं म्हणणार कुणाला? नुसती तब्येत विचारून ठेवला.

वेंडल सूप घेऊन आला. समोर बसून संपवायला लावलं. असा माणूस जवळ आहे म्हणून निभतेय.

१० मार्च, सोमवार
नावं पुकारत होते. माझं आलं. "होक्स्ट्रांशी जोडीत आहे, मत देत नाही," एवढं कसंबसं म्हणाले आणि खाली बसले.

एका मताने गेले.

नवा अध्यक्ष दोन्ही बाजूंना चालेल असा हवा होता. वेंडल झाला. मला मिठी मारताना त्याचे डोळे भरून आले होते.

दुपारी बातमी आली, होक्स्ट्रा गेला. रडले. पण लाज वाटली नाही. शब्द शेवटपर्यंत पाळला होता.

१२ मार्च
बेथनीचा फोन, अंत्यविधीचं सांगायला. म्हणाली, "बाबा सोमवारी पहाटेच गेले. मी लगेच वेंडलना कळवलं होतं, तुम्हाला मत टाकता यावं म्हणून. त्यांनी सांगितलं ना?"

मी म्हणाले, सांगितलं.