मे महिन्यातला बर्फ

तीर्थरूप कोलोमानकाका,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा सातच अंगांचा गोड मानून घ्यावा. तुमची कंबर कशी आहे? मधमाश्या आणि काकू खुशाल असतील. (मधमाश्या आधी आल्या, हे काकूंना सांगू नका.)

गुडघ्याची हकीगत येलकाने कळवलीच असेल, तरी नवऱ्याची बाजूही ऐकावी. रविवारी सकाळी मुरा नदीवरून विमान उडवत होतो. हवा दमट, अठरा अंश, स्वेटरही नको अशी. सासूबाई अंगणात दिसल्या, म्हणून हात करायला (जावयाने एवढं तरी करावं) इंजिन मंद करून खाली येऊ लागलो, तोच ते खोकलं, धापा टाकू लागलं, आणि पुन्हा जोर द्यावा तर ऐकेना. शेवटी गिझेलाआजींच्या भोपळ्याच्या शेतात उतरलो. विमान शाबूत, गुडघा तेवढा समोरच्या पॅनेलवर आपटला. भोपळ्याच्या दोन ओळी मात्र धारातीर्थी पडल्या.

आजी कुदळ घेऊनच आल्या. म्हटलं, कार्बोरेटरमध्ये बर्फ जमला.

"मेल्या, मे महिन्यात? मला इथे घाम फुटलाय."

तुम्हाला ठाऊक आहे, पेट्रोल मिसळताना हवा गारठते, तिच्यातलं पाणी कार्बोरेटरच्या घशात गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पण झाकण उघडेपर्यंत तापलेल्या इंजिनाने सगळा पुरावा वितळवून टाकला होता. उरले दोन थेंब पाणी. आजींनी बोलावलेल्या हवालदारासमोर इंजिन लावलं, तर पहिल्याच फटक्याला सुरू. हवालदाराने माझ्या तोंडाचा वास घेतला.

येलका म्हणते, "पेट्रोल संपलं म्हण, डुलकी लागली म्हण, ऐकून घेईन. पण बर्फ?" विमानातला माझा हिस्सा महिनाअखेर विकायचा, असं तिने ठरवलंय. काका, बावीस वर्षं उडतोय. विमान गेलं तर मला रडू येईल, खरंच सांगतो.

आपला (सध्या जमिनीवरचा) पुतणजावई,
एव्हगेन

ता. क. येलका जगात फक्त तुमचं ऐकते. मेमध्येही बर्फ होतो, एवढं तुमच्या अक्षरात लिहून पाठवा.

आणखी एक: इंजिन मंद करण्याआधी कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी दांडी ओढायची, हे तुम्हीच शिकवलंत. त्या दांडीचा उल्लेख टाळावा.

आणि शेवटचं: दांडीला येलकाने दिलेल्या गिबानित्सा केकची पिशवी अडकवली होती. ती सोडवेपर्यंत उशीर झाला. (खसखस, अक्रोड, सफरचंद, सगळे थर सुखरूप आहेत.)

काकांना येलकाचा नमस्कार. गुडघ्यामुळे पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं. मेमध्ये बर्फ होतो की नाही, ते राहू द्या. ती दांडी कुठली, तेवढं चित्र काढून पाठवा. येत्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसणार आहे. पिशवी माझ्या मांडीवर राहील.