सुकृतची घळ

डेन्व्हर, ८ मे

चि. कुंदा, तुला भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, पण सुकृतनं अगदी वात आणलाय.

काल हा माझा चाळिशीचा लेक पहाटे स्की पाठीला बांधून कड्यांमधल्या उभ्या घळीत चढला, तिथून बर्फावर घसरत उतरायला! मी खाली गाडीत. दहाला परत येणार होता. ऊन चढलं की बर्फ कोसळतो, हे त्यानंच सांगितलेलं.

एक वाजता लंगडत आला, एकच स्की घेऊन.

"थोडा बर्फ सरकला गं आई. चिल!"

थोडा म्हणे! मी पराठ्यांचा डबा त्याच्यापुढे आदळला. त्यानं तो उघडलाच नाही; माझा हात धरून नुसता बसून राहिला.

आज मात्र नवीन स्की बघतोय. पुढच्या वेळीही मी गाडीत बसणार. घरी वाट बघणं मला जमायचं नाही.

तुझी वैतागलेली ताई