डिस्क झोपल्यावर मागितलेली मेमरी

प्रिय डर्मट,

कसा आहेस वगैरे विचारत नाही. मला तुझा राग आलाय आणि तो उतरायच्या आत लिहायचंय.

बाबांच्या डोळ्यांची हालचाल टिपून अक्षरं उमटवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी तू मार्चमध्ये ड्रायव्हर, म्हणजे तो संगणकाला जोडणारा प्रोग्राम, लिहिलास, तेव्हा मी अख्ख्या किंग्स्टनला सांगत सुटले होते की हात गेले, वाचा गेली, पण लेकानं बापाला बोलतं केलं. एकच गोष्ट खटकली, ती तुला कळवली. संगणक हायबरनेशनमध्ये, म्हणजे चालू काम जपून ठेवून गाढ झोपेत, जाताना तुझा कोड नेहमीच्याच पद्धतीनं मेमरी मागतो. मेमरी कमी पडली की संगणक जुना मजकूर डिस्कवर टाकून जागा करायला जाणार, आणि डिस्क तर आधीच झोपवलेली. मग सगळं जागच्या जागी अडकणार. जागा आधीच घेऊन ठेव, नाहीतर डिस्कला हात लावायची वेळ येणार नाही अशा पद्धतीनं माग, एवढंच म्हणाले. दोन-चार ओळींचं काम. तू प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सामायिक ईमेल-गटात, सगळ्यांदेखत उत्तर दिलंस, "ताई, तू वाळवंटातही छत्री घेऊन जाशील!" लोक हसले. मीही हसले, आणि त्याचाच आता जास्त संताप येतो.

मंगळवारी दुपारी बॅटरी उतरली, संगणक हायबरनेशनमध्ये जायला लागला आणि गोठला. तासभर वाट पाहून मी बटण दाबून बंद केला. बाबांनी तीन दिवस डोळे ताणून लिहिलेलं, अजून कुठेच सेव्ह न केलेलं, सगळं गेलं. नंतर मी मुद्दाम मेमरी भरून वीस वेळा तेच करून पाहिलं. अकरा वेळा तुझ्याच ओळीवर अडकलं. आता बोल!

दुरुस्ती मी पाठवली आहे. लागणारी जागा आता डिस्क झोपायच्या आधीच घेतली जाते. चूक कोणाची, तेही त्या दुरुस्तीखाली स्पष्ट लिहिलंय. तुला झोंबेल. झोंबू दे.

पण पत्र त्यासाठी नाही. आईच्या अंत्यविधीला तू आणि बाबा भांडलात, त्यानंतर तू कोड पाठवलास, स्वतः आला नाहीस. गेलेलं लिखाण तुझ्यासाठी होतं रे. पहिली ओळ मी चोरून वाचली होती: "डर्मट, त्या दिवशी माझंच चुकलं." पुन्हा लिहा म्हटलं, तर बराच वेळ घेऊन त्यांनी दोनच शब्द उमटवले: "त्याला बोलाव." डॉक्टर म्हणतात, डोळेही आता फार दिवस साथ देणार नाहीत. काही पाठवू नकोस, डर्मट. ये.

तुझीच, रागावलेली बहीण,
रोवेना