अकराशे अठ्ठेचाळीस नंबरचा मुलगा

गुरुजी, तुमचं रजिस्टर आता नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तेवढंच राहून जाईल. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी आपल्याच शाळेत कारकून म्हणून नुकती लागले होते, आणि तुमच्या कपाटाची चावी माझ्याकडे आली होती. लोखंडी कपाट, खालच्या फळीवर खाकी पुठ्ठ्याची चार रजिस्टरं, थोडी पानं सोडली तर सगळं तुमचं अक्षर. कुणी दाखला मागायला आलं की मी ते काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि बोट फिरवत नाव शोधायचे. इतकी वर्षं ते केलं. आता कपाट रिकामं आहे आणि त्यात झेंड्याची दोरी आणि दोन फाटके नकाशे ठेवलेत.

शाळा उघडायच्या आधी तुम्ही घरोघर फिरायचात ते मला आठवतं. रजिस्टर कापडी पिशवीत, पिशवी खांद्याला. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तुम्ही बसलाय. आई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि मी तिच्या पाठीमागं लपून तुमच्या चपला बघतेय. तुम्ही विचारता, ही कवा झाली? आई तव्यावरची भाकरी उलटते आणि म्हणते, हुरडा सरला व्हता बघा, ज्वारी काढाया आलती, काढणी टाकून घरला आले आन् ही झाली. तुम्ही मान हलवता. शाईच्या पेनानं लिहिता एक जून. मग पेन खिशाला लावून कानावरची पेन्सिल काढता आणि पार शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिता, ज्वारी काढणीत. सगळ्या गावाला तुम्ही एक जूनलाच जन्माला घातलंत गुरुजी. लेकरू सहा वर्षांचं भरलं पाहिजे आणि शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. इकडं सगळ्याच शाळांत तसं करायचे, तुमचा एकट्याचा दोष नाही. पण पेन्सिलीनं खरं काय ते लिहून ठेवणारे मला तरी तुम्हीच माहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी. विहिरीला पाणी लागलं त्या साली. तपासणीला आलेले साहेब त्या पेन्सिलीवरून तुम्हाला बोलायचे. तुम्ही हो हो म्हणायचात आणि ते गेले की पुढच्या लेकराच्या आईला तेच विचारायचात.

चौथीत माझं अक्षर बरं म्हणून तुम्ही मला फाटलेल्या रजिस्टरची नावं नव्यात उतरवायला बसवलंत. मी एक नाव चुकले. घाबरून बापाच्या दाढीचं ब्लेड घरून आणलं आणि मधल्या सुट्टीत ते नाव खरवडून काढलं. कागद पातळ झाला, उजेडात धरला की पलीकडचं दिसायचं. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही ते पान उजेडाकडं धरून बघितलंत आणि म्हणालात, “खरवडायचं न्हाई. आडवी रेघ मारायची, वर नीट लिहायचं, बाजूला सही करायची. ज्याचं नाव चुकलं त्याला उद्या बघता आलं पायजे, आधी काय लिहिलतं आन् कुणी लिहिलतं.” मग तुमचा लाल शाईचा पेन माझ्या हातात दिलात आणि मी आयुष्यातली पहिली सही केली. तो पेन तुम्ही परत घेतला नाहीत. निब केव्हाच गेली, पण पेन आहे.

आता ऐका. संस्थेचा हीरकमहोत्सव आला. सेक्रेटरी साहेबांच्या डोक्यात आलं की जुन्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी छापायची आणि सगळी रजिस्टरं कंप्युटरवर घ्यायची. मला म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकून घ्या, सोपं असतं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, मोबाईलवर फोटो पाठवायचा तर लेकीला हाक मारते. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? शाळा सुटली की जीपनं सिरसाळ्याला जायचे. तिथं खत-बियाण्याच्या दुकानावर क्लास होता. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची, लई गोड पोरगी. बाकी सगळी भरतीची तयारी करणारी पोरं, मी मागच्या बाकावर. माउस धरला की तो पडद्याच्या बाहेर पळायचा आणि पोरं खाली मान घालून हसायची. ती म्हणाली, मॅडम, डेटाबेस म्हणजे काही नाही, टेबल म्हणजे तुमचं रजिस्टर, रकान्याला इथं फील्ड म्हणायचं आणि एका मुलाची एक ओळ म्हणजे एक रेकॉर्ड. मी वहीत लिहून घेतलं. प्रत्येक पायरी लिहून घ्यायचे, पहिलं काय दाबायचं, मग काय दाबायचं. वहीत नसलेलं काही पडद्यावर आलं की मी माउस सोडून हात मांडीवर ठेवायचे.

कोणकोणते रकाने ठेवायचे ते आधी ठरवावं लागतं. नंबर, नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, कधी आला, कधी गेला. आईच्या नावाचा रकाना तुमच्या वेळेला नव्हताच. शेऱ्याचं मी विचारलं. ती म्हणाली, त्यात काय असतं? मी म्हटलं, काही नाही, असंच पेन्सिलीनं लिहिलेलं. मग कशाला घेता, उगं टायपिंग वाढतं. मी नाही घेतलं. पाच-सहा महिने रोज शाळेचं काम आटपून दोन-दोन तास टायपिंग केलं. आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात गोडी लागली होती. नावाच्या रकान्यावर एक बटण दाबलं की सगळं गाव अकारविल्हे उभं राहायचं. मला वाटलं, तुम्ही असता तर दोनदा दाबायला लावलं असतं. मग मी जन्मतारखेच्या रकान्यावर दाबून बघितलं. एकेका सालाचा नुसता ढीग, सगळे एक जून, पुढचा मागचा काही कळेना. मला हसू आलं. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचं तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गेली की नाव कमी करायचं, परत आली की कधी कधी नवा नंबर पडायचा. त्यामुळं बरीच नावं दोनदा आली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, छापील यादीत एकाचं नाव दोनदा दिसलं तर लोक हसतील. क्लासमधल्या पोरीनं मला दुबार नावं शोधायची क्वेरी शिकवली. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, हे चार रकाने सारखे असले की कंप्युटर ती ओळ काढून समोर ठेवतो. मग जोडीतली पहिली ठेवायची, दुसरी डिलीट करायची. दरवेळी इंग्रजीत एक चौकोन येतो, ही ओळ गेली की परत आणता येणार नाही, काढू का? खाली ‘यस’ आणि ‘नो’. त्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते, छापखान्याचा माणूस बाहेर थांबलेला. साठेक ओळी असतील. सुरुवातीला मी प्रत्येक नाव ओठात वाचत होते. साहेब म्हणाले, “मॅडम, एवढं साधं अजून जमंना का तुम्हाला?” मग हात भराभर चालला. तिथं आडवी रेघ नसते गुरुजी, आणि बाजूला सहीला जागा नसते. ओळ जाते आणि खालची वर सरकते. आधी टेबलाची दुसरी प्रत काढून ठेवायची, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते पान मी त्या दिवशी उघडलं नाही.

महिन्याभरात कपाटातलं सगळं जुनं रद्दीत गेलं. वाळवी लागली होती हे खरं, पण तुमचं रजिस्टर अजून धड होतं. साहेबांनी विचारलं, सगळं आलं ना कंप्युटरवर? लिहून द्या. मी लिहून दिलं आणि खाली सही केली. पुस्तिका छापून आली, तिच्यावर गुलाल पडला, भाषणं झाली, माझाही शाल देऊन सत्कार झाला.

पावसाळ्यात तो आला. आपल्या वर्गात एकाच नावाचे दोघं होते, आठवतं? नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव तर अर्ध्या गावाचं एकच. जात मात्र वेगळी. एकाला आम्ही वेशीतला म्हणायचो आणि दुसऱ्याला फडावरला, कारण तो उसाच्या फडावर कोपीत, पाचटाच्या खोपटात, जन्मला होता. तुम्ही तसंच पेन्सिलीनं लिहिलं होतं, उसाच्या फडावर, थंडीत. आला तो हा फडावरला. माझ्या वयाचाच, पण पाठीत वाकलेला, दाढी पांढरी. मला मॅडम म्हणाला. त्याची लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, नर्सिंगला नंबर लागला, तिच्या जात पडताळणीला बापाच्या शाळेचा उतारा पाहिजे होता. घरात शिकलेला तोच पहिला, त्याच्या बापाचा कुठला कागद असणार? मी मोठ्या ऐटीत कंप्युटर लावला. नाव टाकलं. एकच ओळ आली, अकराशे एकतीस, वेशीतल्याची. मी परत टाकलं. मग नंबराच्या क्रमानं लावून खाली गेले. अकराशे सत्तेचाळीस मी स्वतः. त्याच्या खाली अकराशे एकोणपन्नास. तुम्ही आम्हाला ओळीत उभं करून नंबर दिले होते आणि तो माझ्या मागं उभा होता.

तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून बघत होता. म्हणाला, “मी तुमच्या मागंच बसत व्हतो मॅडम. मी हाय का न्हाई त्यात?”

मी सांगितलं की कंप्युटरमध्ये नाही, जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. त्यानं वाद घालायला हवा होता. त्यानं नुसती मान हलवली आणि विचारलं, मग मी शाळेतच नव्हतो असं लिहून देता का, तेवढ्यावर काही होतं का बघतो. त्याला वाटलं कुठलाही कागद म्हणजे कागद. मी दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याला रद्दीवाल्याकडं गेले, तो म्हणाला माल त्याच आठवड्यात ट्रकनं गेला. क्लासवाल्या पोरीला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला, प्रत काढून ठेवली होती ना? हेडमास्तरांना म्हटलं, मी त्याच्या वर्गातली आहे, माझ्या जबाबावर उतारा द्या. ते म्हणाले, माणूस खरा असेल, पण मूळ नोंद दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. मुदत होती तेवढी संपली आणि पोरीची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

परवा सकाळी मी शाळेत येत होते तेव्हा ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर स्टँडजवळ उभा होता. भांडी, गोधड्या, कोपीच्या काड्या भरलेल्या, आणि त्याच्यावर ती पोरगी बसलेली. तिचा बाप खाली दोरी आवळत होता. मला बघून त्यानं हात जोडले. मी आत आले आणि कंप्युटर लावला नाही. टेबल उघडलं की माझं नाव दिसतं आणि त्याच्या खालचा नंबर दिसत नाही. नवी ओळ घालून अकराशे अठ्ठेचाळीस लिहायला मला दोन मिनिटं लागतील, तेवढं आता मला येतं. पण ते खोटं कागदपत्र होईल, आणि पोरगी तर गेली. मग बसून राहते. शाई वाळलेला तुमचा पेन ड्रॉवरमध्ये असतो, तो हातात घेते आणि परत ठेवते.

हे सगळं मी क्लासच्या वहीत मागच्या पानांवर लिहितेय. कुठं टाकणार? तुमच्या गेवराईकडच्या घरी आता कोण आहे तेही मला माहीत नाही. वही परत कपाटात जाईल.

सगळ्यांना मी एकच सांगितलं, की दोन ओळी सारख्या दिसल्या आणि चुकून गेली. साहेबांना, हेडमास्तरांना, घरी, त्यालासुद्धा पुढं तेच. तसं नाही गुरुजी. ते नाव आलं तेव्हा मी थांबले होते. हा वेशीतला आणि हा फडावरला, हे मला पक्कं माहीत होतं. साहेब मागं उभे होते, आणि मला येत नाही असं त्यांना वाटू नये म्हणून मी ‘यस’ दाबलं.